बेण्याबरोबर येणारे पाहुणे

चाकण म्हटले की आज मोटारींचे कारखाने आठवतात. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या गावांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या आणि तिथली शिवारे शेडखाली झाकली गेली. तरी खेड बाजार समितीच्या चाकणच्या आवारात कांदा-बटाट्याची आवक थांबलेली नाही. हा बटाटा येतो तो मुख्यतः या औद्योगिक पट्ट्याच्या उत्तरेकडून, म्हणजे खेडच्या उरलेल्या शिवारातून, मंचरच्या आसपासच्या गावांतून आणि आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरून. पठारावरचे खरिपाचे मुख्य पीक बटाटाच. त्यातला बराचसा पावसावर घेतला जातो आणि काही भाग चिप्सच्या कंपन्यांशी करार करून पिकवला जातो.

या बटाट्याचे बेणे मात्र इथले नसते. पावसाळ्याच्या तोंडावर पंजाबातून, विशेषतः जालंधरच्या बाजूने, ट्रक भरून बेणे मंचरला आणि खेडला उतरते. लागवडीच्या सगळ्या खर्चात सर्वांत मोठा आकडा बहुधा या बेण्याचाच असतो. तरीही शेतकरी दरवर्षी नवे बेणे घेतो. घरचे बेणे दोन-तीन हंगाम फिरवले की माल बारीक पडतो आणि पीक बसते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. या बसण्यामागे साठवणीत म्हातारे होणारे बेणे, बुरशी आणि जिवाणू अशी काही कारणे आहेत, पण सर्वांत मोठे कारण विषाणूंचे आहे. बटाट्याला बाधणारे विषाणू जगभरात पन्नासच्या आसपास नोंदले गेले आहेत आणि त्यातल्या एकेकाचे अनेक जनुकीय वंश आहेत. ही विविधता नेमकी कशी आहे, ती कुठून येते आणि खेड-आंबेगावच्या शेतकऱ्याला तिच्याशी काय देणे-घेणे आहे, याचा हा आढावा आहे.

बेणे नेहमीच परगावचे

पुणे जिल्ह्याचे हे परावलंबन आजचे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे इटलीहून जहाजाने आलेले बेणे लावले जात होते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या बटाटा लागवडीचा सविस्तर अभ्यास केला. तो मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने १९२० साली प्रसिद्ध केला. बटाटा ‘उतरतो’ म्हणजे काय होते, याचा उलगडा तेव्हा युरोपातही नुकताच होऊ लागला होता. पाने गुंडाळण्याचा रोग एका झाडातून दुसऱ्यात जातो, हे हॉलंडमध्ये क्वानियर यांनी १९१० च्या दशकात दाखवले. बटाट्याचे एक्स आणि वाय हे दोन विषाणू केनेथ स्मिथ यांनी केंब्रिजमध्ये १९३१ साली वेगळे केले. त्याआधी ‘वाण म्हातारे झाले’ असेच सगळे म्हणत.

भारतात या दुखण्यावर उपाय सापडला तो कॅलेंडरमधून. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ साली सिमल्याला गेली. तिथले डॉ. पुष्करनाथ यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘सीड प्लॉट’ तंत्र मांडले. उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मावा फारच कमी असतो. या काळात बेण्याचे पीक वाढवायचे आणि शंभर संयुक्त पानांमागे माव्याची संख्या वीसच्या वर जाण्याआधी पाला कापून टाकायचा, एवढेच ते तंत्र आहे. पाला नसला की माव्याला बसायला जागा राहत नाही आणि विषाणू कंदापर्यंत पोहोचत नाही. तोपर्यंत निरोगी बेण्यासाठी देश हिमालयाच्या थंड उतारांवर अवलंबून होता. या तंत्राने पंजाब आणि पश्चिम उत्तर प्रदेश ही बेण्याची कोठारे झाली.

महाराष्ट्राच्या पठारावर अशी भरवशाची मावामुक्त खिडकी मिळत नाही. शिवाय रब्बीचा बटाटा फेब्रुवारीत निघतो आणि पुढची लागवड जूनमध्ये होते. मधले चार महिने कडक उन्हाळ्याचे असतात. आरणीत, म्हणजे शेतात झाकून ठेवलेल्या ढिगात, किंवा घरात ठेवलेला कंद तोवर सुकतो आणि कोंबांनी पोखरला जातो. म्हणून बेणे पंजाबचे. त्याचा दुसरा अर्थ असा की पंजाबात त्या हंगामात जे विषाणू फिरत होते, त्यांतले जे तपासणीतून निसटले, ते जूनमध्ये आपल्या सरीत येऊन पडतात.

एकाच नावाखाली अनेक

बटाट्याचे बहुतेक विषाणू आरएनएचे आहेत. आरएनएची नक्कल करणाऱ्या विकराला चूक तपासून दुरुस्त करण्याची सोय नसते. दर दहा हजार ते एक लाख न्यूक्लिओटाइडमागे एक चूक, असे सर्वसाधारण प्रमाण धरले जाते. वाय विषाणूचा जीनोम सुमारे ९,७०० न्यूक्लिओटाइडचा आहे. याचा अर्थ एका पेशीत तयार होणाऱ्या हजारो प्रतींमध्ये कितीतरी प्रती मूळ प्रतीपेक्षा कुठे ना कुठे वेगळ्या असतात. पण चूक होणे वेगळे आणि ती टिकणे वेगळे. कोणती चूक टिकेल हे विषाणूच्या प्रवासावर ठरते. तो कोणाच्या अंगावर बसून जातो, झाडाच्या कोणत्या भागात राहतो आणि माणूस त्याला कसा शोधतो, या तीन गोष्टी त्याच्या विविधतेला आकार देतात. चार विषाणू शेजारीशेजारी ठेवले की हे लगेच दिसते.

पहिला पाने गुंडाळणारा, म्हणजे लीफ रोल विषाणू. खालची पाने वर वळून नळीसारखी होतात आणि हातात घेतली तर चामड्यासारखी कडक लागतात. हा विषाणू फक्त अन्नवाहिन्यांत राहतो. मावा बराच वेळ रस शोषत बसला तरच तो त्याच्या पोटात जातो. तिथून आतड्याची भिंत ओलांडून लाळग्रंथीत पोहोचला तरच तो पुढच्या झाडात उतरतो. या अरुंद दारांतून जायला कवचाचा आकार अचूक लागतो. त्यामुळे त्यात फारसा बदल चालत नाही. जगाच्या वेगवेगळ्या टोकांहून आणलेले लीफ रोल विषाणूचे नमुने एकमेकांशी आश्चर्य वाटावे इतके जुळतात. नुकसान मोठे, पण विविधता कमी, असा हा विषाणू आहे.

दुसरा एक्स विषाणू. याला कीटकच लागत नाही. पाने एकमेकांना घासली, अवजार लागले, कपडा लागला की तो जातो. एकट्याने तो सौम्य असतो, पण वायच्या जोडीला आला की पाने सुरकुततात आणि झाड बसते. याचे दोन मोठे जनुकीय गट मानले जातात. बटाट्याच्या काही जातींत याला पूर्ण अडवणारे आरएक्स नावाचे जनुक आहे. ते विषाणूचे कवच-प्रथिन ओळखते. बोलिव्हियात मात्र एचबी नावाचा वंश सापडला. त्याच्या कवच-प्रथिनात १२१ आणि १२७ या क्रमांकांच्या जागी वेगळी अमिनो आम्ले आहेत. एवढ्याशा फरकामुळे आरएक्सला तो ओळखताच येत नाही. पैदासकाराची वर्षांची मेहनत विषाणूच्या दोन अमिनो आम्लांनी निष्फळ ठरू शकते, याचे हे अभ्यासात नेहमी सांगितले जाणारे उदाहरण आहे.

तिसरा एस विषाणू. त्याचा सर्वसाधारण वंश इतका निमूट असतो की डोळ्यांना काही दिसतच नाही. त्याचा अँडीज पर्वतातला वंश मात्र माव्यामार्फत अधिक सहज पसरतो आणि लक्षणेही ठळक दाखवतो. एस किंवा एक्ससारख्या सौम्य विषाणूंनी उत्पादन दहा ते तीस टक्के घटते, असा अंदाज दिला जातो. झाड रोगट दिसत नाही, त्यामुळे ही घट शेतकरी पावसाच्या किंवा खताच्या खात्यावर लिहितो.

चौथा वाय विषाणू, आणि विविधतेच्या बाबतीत सर्वांत धडा देणारा. मावा पानावर बसून चव घेण्यासाठी सोंड टोचतो, तेवढ्या काही सेकंदांत तो सोंडेला चिकटतो आणि पुढच्या झाडावर उतरतो. याचे जुने वंश म्हणजे ओ, एन आणि सी. ओ वंश बटाट्याच्या पानांवर ठळक मोझॅइक, म्हणजे फिकट-गडद ठिपके, दाखवतो. एन वंश बटाट्यावर सौम्य असतो, पण तंबाखूच्या पानांच्या शिरा काळ्या पाडतो. एकाच झाडात हे दोन वंश आले की नक्कल करताना विकर मध्येच एका साच्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. अशा पुनर्संयोजनातून नवे वंश जन्मले. एन-विल्गा या वंशाच्या जीनोमचा सुरुवातीचा सुमारे पाव हिस्सा एनचा आहे आणि उरलेला, कवच-प्रथिनासकट, ओचा. एनटीएन हा वंश १९८० च्या सुमारास हंगेरीत लक्षात आला. तो कंदाच्या सालीवर तपकिरी वलये उमटवतो आणि माल विक्रीलायक ठेवत नाही. वाय विषाणूचा मोठा प्रादुर्भाव असला तर उत्पादन निम्म्यावर येऊ शकते.

युरोप आणि उत्तर अमेरिकेत गेल्या काही दशकांत जुना ओ वंश मागे पडला आणि हे संकरित वंश पुढे आले. असे का झाले? बेण्याच्या शेतात निरीक्षक फिरतात आणि मोझॅइक दिसलेले झाड उपटतात. ओ वंश स्पष्ट दिसतो, म्हणून उपटला जातो. संकरित वंश पानावर सौम्य असतात, म्हणून नजरेतून निसटतात आणि बेण्यात राहतात. अभ्यासकांच्या मते, डोळ्यांनी केलेल्या निवडीचाच या बदलात मोठा हात असावा. भारतातही वायचे ओ, एन आणि एनटीएन हे वंश नोंदले गेले आहेत. शेतात रोगट झाडे उपटणे आवश्यक आहेच, पण त्यातून सर्वांत शांत वंशांना रान मोकळे होते, हेही तितकेच खरे आहे.

नजरेचा हा दोष जुना आहे. इंग्लंडमध्ये किंग एडवर्ड ही जात वर्षानुवर्षे उत्तम मानली जात होती. १९३० मध्ये सॅलामन आणि ले पेले यांनी दाखवले की त्या जातीच्या एकूण एक झाडात एक विषाणू होता. निरोगी किंग एडवर्ड कोणी पाहिलीच नव्हती, त्यामुळे ती आजारी आहे हे कळायला मार्गच नव्हता. पुढे १९५० च्या दशकात कोंबाच्या अगदी टोकाचा, विषाणू न पोहोचलेला ठिपक्याएवढा भाग काढून त्यापासून रोप वाढवायची पद्धत आली. तेव्हा कुठे त्या जातीचे निरोगी रूप दिसले. आज उत्कृष्ट बेण्याची सुरुवात जगभर याच पद्धतीने होते.

मावा नव्हे, पांढरी माशी

वरचे चारही विषाणू जुने आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारतातल्या बटाट्यात वेगळाच पाहुणा आला. शेंड्याची पाने आखडतात, पिवळी पडतात आणि झाड खुजे राहते. हा विषाणू डीएनएचा निघाला. तो टोमॅटोवरच्या नवी दिल्ली लीफ कर्ल विषाणूचा बटाट्यावर स्थिरावलेला वंश आहे. त्याचा जीनोम ए आणि बी अशा दोन वर्तुळांचा असून प्रत्येक वर्तुळ सुमारे २,७०० न्यूक्लिओटाइडचे आहे. दुसऱ्या लीफ कर्ल विषाणूशी गाठ पडली तर या वर्तुळांची अदलाबदल होऊ शकते. हा विषाणू टोमॅटोवरून बटाट्यावर आणि वेलवर्गीय भाज्यांवर गेला, आणि २०१२ मध्ये स्पेनमधल्या झुकिनीपर्यंत पोहोचला.

तो पसरतो पांढऱ्या माशीमार्फत. आणि इथेच पुष्करनाथांच्या कॅलेंडरला पेच पडतो. सीड प्लॉट तंत्र हंगामाच्या शेवटी येणाऱ्या माव्याविरुद्ध रचलेले आहे. पांढरी माशी हंगामाच्या सुरुवातीला, ऑक्टोबरच्या उबेत असते. माव्यापासून वाचायला लागवड लवकर करावी, तर पांढरी माशी गाठते. लागवड उशिरा करावी, तर शेवटी मावा गाठतो. जी खिडकी एका बाजूने उघडी होती, ती आता दोन्ही बाजूंनी लहान झाली आहे. कुफरी बहार ही जात या रोगाला बरीच तोंड देते. पण आपल्याकडे भरपूर लावली जाणारी कुफरी पुखराज तशी नाही.

माव्याशिवाय पसरणारा आणखी एक विषाणू म्हणजे भुईमुगावरचा बड नेक्रॉसिस. तो फुलकिडे पसरवतात. त्याचा जीनोम तीन तुकड्यांचा आहे, म्हणजे तुकड्यांच्या अदलाबदलीची शक्यता त्यातही आहे. मध्य प्रदेश आणि राजस्थानात लवकर लावलेल्या बटाट्याची खोडे काळी पडण्याचा रोग याच विषाणूचा आहे. आपल्याकडे बटाट्याच्या शिवाराला लागूनच जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो आहे, आणि पांढरी माशी व फुलकिडे या दोघांचे तिथे बारमाही बस्तान असते. टोमॅटो आणि बटाटा एकाच कुळातले, बांधाला बांध लागलेले, आणि कीटक दोघांनाही सामाईक. त्यामुळे पंजाबातून आलेला वंश आणि इथला स्थानिक वंश एकाच झाडात भेटण्याची शक्यता खेड-आंबेगाव-जुन्नरच्या शिवारात खरोखर आहे. आपल्यासाठी विविधतेचा प्रश्न तातडीचा होतो तो याच ठिकाणी.

ओळखायचे कसे

विषाणू तपासण्याची रुळलेली पद्धत एलायझा आहे. वनस्पती-विषाणूंसाठी ती १९७७ पासून वापरात आली. ९६ खळग्यांची एक प्लास्टिकची पाटी असते. प्रत्येक खळग्यात एकेका झाडाच्या पानांचा रस टाकतात, मग ठरावीक विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडे, आणि शेवटी रंग उमटवणारे एक द्रव्य. अर्ध्या-एक तासात काही खळगे पिवळे होतात. पिवळा खळगा म्हणजे आजारी झाड. चाचणी स्वस्त आहे आणि एका दिवसात शेकडो नमुने उरकतात. पण प्रतिपिंड फक्त कवच पाहते. एन-विल्गाचे कवच ओचे असल्याने एलायझात तो ओ म्हणून मोजला जातो, जरी आतला पाव जीनोम एनचा असला तरी. डीएनएच्या लीफ कर्ल विषाणूसाठी पीसीआर, म्हणजे जीनोमचा ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवून ओळखणारी चाचणी, लागते. पीसीआरचे प्राइमर, म्हणजे तो तुकडा शोधणारे छोटे धागे, ज्या वंशावर बेतलेले असतात, त्याहून बराच वेगळा वंश आला तर पीसीआरही त्याला चुकवते. म्हणून हल्ली झाडातले सगळे लहान आरएनए एकदम वाचून काढण्याच्या जलद अनुक्रमणाकडे अभ्यासक वळले आहेत. त्यात काय शोधायचे आहे हे आधी ठाऊक असावे लागत नाही.

अशा चाचणीची गरज का आहे, हे कळायला २०२० चा उन्हाळा पुरेसा आहे. महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर डाग पडले, फळे तिरंगी दिसू लागली आणि शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा व्हायरस’ म्हणायला सुरुवात केली. नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले. काकडीवरच्या मोझॅइक विषाणूसह इतर विषाणूही त्यात असल्याचे पुढे आले. अहवाल येईपर्यंत बाजारात टोमॅटोचा भाव पडला आणि टोमॅटो खाल्ला तर माणसाला काही होते का, अशा अफवाही पसरल्या. वनस्पतीचा विषाणू माणसाला बाधत नाही, हे त्या गोंधळात अनेकांना ऐकूच गेले नाही.

औषध नाही, मग काय

पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे स्ट्रेप्टोसायक्लिन हे मिश्रण आणि ऑरिओफंजिन हे बुरशीनाशक याच कारखान्याने शेतीला दिले. पानावर काहीही दिसले की पुडी फोडायची, ही सवय आपल्याकडे त्यातून पडली असावी. पण अँटिबायोटिक जिवाणूवर चालते आणि बुरशीनाशक बुरशीवर. शेतातल्या विषाणूबाधित झाडाला बरे करणारे औषध जगात कुठेही विकले जात नाही.

जे करता येते ते विषाणूच्या वाटेप्रमाणे वेगवेगळे असते. लीफ रोलसाठी मावा तासन्‌तास बसावा लागतो, म्हणून कीटकनाशक उपयोगी पडते. वायसाठी काही सेकंद पुरतात. मावा मरेपर्यंत काम उरकलेले असते, म्हणून तिथे खनिज तेलाची फवारणी अधिक उपयोगी. एक्ससाठी फवारणी निरुपयोगी आहे आणि एसच्या सर्वसाधारण वंशासाठीही ती फारशी कामाची नाही. तिथे प्रश्न हाताचा आणि विळ्याचा आहे.

लागवडीआधी शेडमध्ये बायका ओळीने बसून बेण्याच्या फोडी करतात. प्रत्येक फोडीला एक-दोन डोळे राहतील असा काप द्यायचा आणि पुढचा कंद उचलायचा. फोडींना मग मँकोझेब चोळून पोत्यावर पसरतात. मँकोझेब बुरशी थोपवते, पण विळ्याच्या पात्याला लागलेला रस तसाच राहतो. एका बाधित कंदाला चिरलेला विळा पुढच्या अनेक निरोगी कंदांना तो विषाणू टोचत जातो. दोन विळे ठेवावेत, एक वापरात आणि दुसरा जंतुनाशकाच्या पाण्यात, आणि दर काही कंदांनी ते बदलावेत. लहान गोळी अख्खी लावावी. एवढ्या दोन गोष्टींनी एक्स-एसचा प्रसार बराच आटोक्यात राहतो, आणि त्यांना पैसा लागत नाही, थोडी शिस्त लागते.

बिलात दडलेला खर्च

सगळा आढावा एकत्र पाहिला तर एक गोष्ट ठळक होते. पुणे जिल्ह्याचा बटाटा विषाणूंपासून वाचतो तो दरवर्षी नव्या बेण्यामुळे. साठलेला विषाणू शेतकरी दर हंगामात टाकून देतो आणि पंजाबकडून नवी सुरुवात विकत घेतो. बेण्याच्या बिलात बटाट्याची किंमत असते, तशी विषाणूपासून मिळणाऱ्या एका वर्षाच्या सुटकेचीही असते. ही व्यवस्था वाईट नाही. पण ती उभी आहे ती मावा हा मुख्य शत्रू आहे आणि रोगट झाड डोळ्यांना दिसते या दोन समजुतींवर, आणि दोन्ही आता पुरत्या खऱ्या राहिलेल्या नाहीत.

म्हणून मे-जूनमध्ये मंचरला आणि खेडला उतरणाऱ्या बेण्याच्या प्रत्येक मोठ्या लॉटमधले काही कंद कोंबावर आणून तपासले जावेत. त्यात एलायझाबरोबर लीफ कर्लसाठी पीसीआर असावी, आणि निकाल लागवडीआधी बाजार समितीच्या फळ्यावर लागावा. पुण्यात विषाणू वाचणारी यंत्रे आणि ती चालवणारे हात आहेत. राष्ट्रीय विषाणू संस्था माणसाच्या विषाणूंसाठी आहे, तशी बटाट्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. दरवर्षी थोड्या नमुन्यांचे पूर्ण अनुक्रमण केले, तरी चार-पाच वर्षांत इथले वंश कोणते आणि पंजाबचे कोणते, हे समजेल. मग कोणती जात लावायची, कोणत्या जिल्ह्याचे बेणे घ्यायचे आणि कोणत्या व्यापाऱ्याला जाब विचारायचा, हे शेतकरी आकडा हातात घेऊन ठरवू शकेल. आज तो हे सगळे पोत्यावरचे लेबल वाचून ठरवतो, आणि त्या लेबलाचे पैसे मात्र पुरेपूर मोजतो.